शेवटची रांग

टीव्हीवर बक्षिसांचा खेळ बघताना समोर टाळ्या वाजवणारी माणसं दिसतात ना, ती आपोआप तिथे बसत नाहीत बरं. त्यांना बसवायला एक बाई असते. ही जी बाई मी सांगतोय, तिला सगळे खुर्चीबाईच म्हणायचे. पंधरा वर्षं तिचं काम एकच. दारात उभं राहायचं, आलेल्या माणसावर एक नजर टाकायची आणि त्याची जागा ठरवायची. हसरा चेहरा, बरे कपडे, तो पुढे. म्हातारा, खोकणारा, रडक्या तोंडाचा, तो मागे अंधारात, जिथे कॅमेरा जात नाही. कुणीतरी मागे बसायलाच हवं, असं ती म्हणायची आणि घरी जाऊन निवांत झोपायची.

मग ती साथ आली. चित्रीकरण चार महिने ठप्प. पुन्हा सुरू झालं तर हॉलमध्ये प्रेक्षक आणायला बंदी. रिकाम्या खुर्च्यांसमोर कोण काय जिंकणार, कप्पाळ? शेवटी निर्मात्याने डोकं चालवलं. लोकांकडून फोटो मागवले, माणसाएवढे पुठ्ठ्यावर छापले आणि हॉलच्या सुताराकडून खुर्च्यांवर बसवून घेतले. टाळ्या जुन्या, साठवलेल्या. फोटो तर इतके आले की ठेवायला जागा पुरेना. घरात कोंडलेल्या माणसांना वाटत असेल, आपण नाही तर निदान आपला पुठ्ठा तरी बाहेर पडू दे.

पण साथीच्या दिवसांत जे व्हायचं ते झालंच. एका घरून फोन आला. "आमचे वडील गेले हो. त्यांचा फोटो तेवढा काढा, बघवत नाही." बाईने निर्मात्याला विचारलं. तो म्हणाला, "त्यांना शेवटच्या रांगेत टाक, तिथे कोण बघतंय? पुढे नवा पुठ्ठा लाव. खुर्ची रिकामी दिसता कामा नये." तेव्हापासून तोच नियम झाला. माणूस गेला की पुठ्ठा मागे. बघता बघता शेवटची रांग भरत आली.

याच सुमारास बाईचा नवरा आजारी पडला. दवाखान्यात भेटायला मनाई. घरी नऊ वर्षांची चिमी, तिच्याजवळ आत्या. नवऱ्याला या खेळाचं भारी वेड, म्हणून बाईने त्याचा पुठ्ठा पहिल्या रांगेत बसवला. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी यायची, त्याच्या तोंडावरची धूळ पदराने पुसायची आणि विचारायची, "अहो, आज बरं वाटतंय ना?"

एका सकाळी त्याची खुर्ची रिकामी होती.

हॉलला खिडकी नाही, दिवे लागायचे होते. मोबाइलच्या उजेडात तिने एकेक रांग धुंडाळली. तो शेवटच्या रांगेत सापडला, हसत. ओल्या पुठ्ठ्याचा आणि औषधाचा वास येत होता. कुणाची ही थट्टा, असं म्हणत तिने त्याला उचलून पुढे आणलं. झटकायला फडकं घेऊन वळली, तर तो पुन्हा मागे. तेवढ्यात दवाखान्याचा फोन. प्राणवायू झपाट्याने उतरतोय, म्हणाले.

बाईचं डोकं मात्र थंड होतं. तिला कळलं, मागची ती खुर्चीही रिकामी राहायला तयार नाही. तिने पहिल्या रांगेवर नजर टाकली. पंधरा वर्षांची सवय, एक नजर पुरे. पांढऱ्या केसांची एक आजी उचलली, मागे नेऊन बसवली, आणि नवऱ्याला पुढे आणलं. या वेळी तो जागचा हलला नाही. दुपारी फोन आला, बरे आहेत, पाणी प्यायले. संध्याकाळी आजीच्या मुलाचा आला. सकाळी चांगली बोलत होती, बसल्या जागी गेली, असं म्हणाला. आणि वर, "तुम्ही तिला पहिल्या रांगेत बसवलंत, फार खूश होती ती. उपकार आहेत तुमचे."

त्या रात्री बाईने देवापुढे नाक घासलं. पण दुसऱ्या सकाळी नवरा मागे दिसताच तिने एक मास्तर उचलला. मग कुणाची तरी मावशी. मग एक गवंडी, तरणाताठा, कारण म्हातारे संपले होते. मग त्याच्याच वयाचा आणखी एक. पाच दिवसांत पाच. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय? पापाला ती घाबरत होती, नाही असं नाही. पण नवरा जगत होता.

सहाव्या दिवशी त्याला घरी सोडणार होते. आज शेवटचं, असं म्हणत ती हॉलमध्ये शिरली. आज कुणाचा चेहरा बघायचा नाही, तिने ठरवलं. न बघता उचललं तर आपण निवडलं असं होत नाही. वा रे हिशेब. डोळे घट्ट मिटून तिने नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीशेजारी हात घातला. पुठ्ठा हाताला हलका लागला, लहानखुरा. तरी तिने डोळे उघडले नाहीत. चाचपडत मागे गेली, त्याला बसवलं आणि नवऱ्याला पुढे आणलं.

अकराच्या सुमारास नवऱ्याचाच फोन आला. आवाज खणखणीत. "सुटलो गं बाई. डॉक्टर म्हणाले, चमत्कारच आहे."

ती रडायला लागली.

"रडतेस काय वेडे... बरं, फोटो बघितलास का? तुला चकित करायचं होतं. चिमी हट्ट धरून बसली होती, बाबांच्या शेजारी बसायचं म्हणून. तुमच्या सुतारालाच पाठवला. काल संध्याकाळी तू गेल्यावर बसवला म्हणे त्याने."

तिने फोन तसाच कापला आणि घरचा नंबर लावला. बराच वेळ वाजला. मग चिमीनेच उचलला.

"चिमे... कुठे आहेस तू? आत्या कुठेय?"

"आत्या हाका मारतेय. पण लांबून ऐकू येतंय." चिमी कुजबुजत होती. "आई, इथे दिवा का नाही गं? बाबा पुढे बसलेत. मी बोलावतेय तर मागे वळूनच बघत नाहीत..."

"चिमे, उठ तिथून. उठ बाळा..."

"उठता येत नाही. शेजारी एक आजी आहेत. त्या म्हणतात, घाबरू नकोस, आम्हाला सगळ्यांना तुझ्या आईनेच बसवलंय."