आधी तोच हसायचा

डोमा पहिल्यांदा भेटला तेव्हा मला त्याचा रागच आला होता. श्रावणातली झड लागली होती. बीड्यांचं सूप पदराखाली झाकून मी ठेकेदाराच्या ओसरीवर चढले, तर समोर चार बायका गप्प बसलेल्या आणि हा नवा माणूस एकटाच पोट धरून हसतोय! आंधळगावात बीड्या तपासायला तो आसगावहून आला होता.

"काहून हासून राहिले जी?" मी विचारलं.

"गोष्ट सांगून राहिलो होतो," तो डोळे पुसत म्हणाला. "एका माणसाची म्हैस हरवली. तो ठाण्यात गेला. शिपाई म्हणे, म्हशीचा फोटो आहे काय? तो म्हणे, आहे, पण त्यात मी बी आहो... तं शिपाई म्हणे —"

पुढचं ऐकूच आलं नाही. त्यालाच आधी हसू फुटलं.

"मंग शिपाई काय म्हणे?"

"सांगतो... थांब... सांगतो नं..."

सांगितलं नाहीच. वर माझ्या मूठभर बीड्या दमट म्हणून छाटात टाकल्या, म्हणजे वाया. माझं डोकंच फिरलं.

"आपल्याच गोष्टीवर आपणच हासणं बरं नाई दिसत," मी सूप उचलत म्हणाले. "वाढणाऱ्यानं पंगतीच्या आधी जेवून घेतल्यावानी वाटते."

"रांधणारीनं चाखून नाई पाहावं का?"

"चाखावं. अख्खा भाजीचा गंज रिकामा नाई करावा."

त्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं. हसणं थांबलं होतं, पण डोळ्यांत ते तसंच होतं. त्या दिवशी घरी येताना मी भिजले, आणि घरी आल्यावर लक्षात आलं, पदर डोक्यावर घ्यायचाच राहिला.

मग मी मुद्दाम शेवटी जायला लागले. बाकीच्या बायका निघून गेल्या की तो एकेक बीडी उगाच हळूहळू पाहायचा आणि गोष्टी सांगायचा. एकही धड शेवटापर्यंत जायची नाही. मला त्याच्या गोष्टींवर कधीच हसू आलं नाही. त्याच्या हसण्यावर मात्र यायचं, आणि ते मी त्याला कधी दाखवलं नाही.

दिवाळी जवळ आली तेव्हा तो सूप परत देता देता म्हणाला, "सत्यभामा... मंडईत तुह्या बाले भेटू काय? मागणी घालाले?"

आमच्याकडे दिवाळीनंतरच्या मंडईत, त्या जत्रेत, सोयरिकी जमतात, हे त्यालाही माहीत आणि मलाही. पण सरळ हो म्हणेन तर मी कसली!

"एक गोष्ट न हासता शेवटपर्यंत सांगा. मंग भेटा."

मंडईच्या आदल्या दिवशी तो माझ्यासमोर ताठ बसला. "एका माणसाची म्हैस हरवली..." ओठ घट्ट मिटून, एकेक शब्द मोजून तो पुढे जात होता. आणि मी काय केलं? गाल फुगवले, डोळे तिरळे केले. त्यानं हसू दाबलं. पुन्हा दाबलं. मग ते घशातच अडकलं आणि त्याचा खोकला झाला. तो थांबेना. तोंडावर धरलेला हात त्यानं खाली घेतला, तेव्हा माझ्या सुपातल्या बीड्यांवर लाल थेंब होते.

मी ते थेंब ओळखले. माझी माय चार वर्षांपूर्वी याच खोकल्यानं गेली होती.

त्या संध्याकाळपासून ठेकेदाराकडे त्याचा पेला वेगळा झाला. आठ दिवसांत त्याला नागपूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं सांगितलं, रोग आधीपासूनच छातीत होता. ते माझ्या डोक्याला पटलं, मनाला नाही.

माझा बा, तुलाराम, मुळात कमी बोलणारा. मी मागणीचं सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "एकीले मी खांद्यावर नेलं. तुले त्या घरात नाई देत."

"पुढच्या मंडईपर्यंत थांबा," मी म्हणाले. "मंग तुमी म्हणसान त्याच्या घरी जाईन."

बानं विळ्याची धार पाहिली आणि होकारार्थी मान हलवली.

डोमाची पत्रं यायची, साधी कार्डं. पोस्टमनसकट सारं गाव ती वाचायचं. प्रत्येकात एक गोष्ट, आणि खाली ठरलेली ओळ: 'इथं मी हसलो नाही. डॉक्टरची मनाई आहे. माझ्या वाटचं तू हास.' मी धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर एकटी बसून हसायचे. गोष्टी वाईटच होत्या. हसता हसता रडू यायचं, मग पदर तोंडात कोंबायचा. एका कार्डावर एवढंच होतं, 'शेजारच्या खाटेवरचा नत्थू सकाळी गेला. आज गोष्ट नाही.' त्यानंतर दोन महिने कार्डच आलं नाही. धान कापणीला आलं. मोहाडीच्या गोदावरीआत्यानं माझ्यासाठी मुलगा पाहून ठेवला.

आणि मंडईच्या चार दिवस आधी, भर दुपारी, डोमा आमच्या अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला. सदरा खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. आत यायला धजत नव्हता.

"बरा झालो, मामाजी," तो बाला म्हणाला. "कागद आहे डॉक्टरचा."

"कागदावर माही बायको बी बरी झाली होती," बा म्हणाला.

डोमानं कागदाची घडी केली आणि जायला वळला. तो गेला असता. मीच ओरडले, "थांबा! म्हशीची गोष्ट सांगा. अन् हासा. दाबू नका, पोटभर हासा!"

तो परत फिरला. त्याला कळलं होतं.

"एका माणसाची... म्हैस हरवली," तो सांगू लागला. "तो ठाण्यात गेला. शिपाई म्हणे, फोटो आहे काय? तो म्हणे, आहे, पण त्यात मी बी आहो... तं शिपाई म्हणे... शिपाई म्हणे, मंग खूण करून दे, म्हैस कोणती!"

आणि तो हसला. मी हसले नाही. बा हसला नाही. आम्ही दोघं त्याची छाती ऐकत होतो. हसणं वर चढलं, घशाशी आलं... आणि तसंच सरळ बाहेर पडलं. खोकला आला नाही.

"आणखी हास," बा म्हणाला.

डोमा पुन्हा हसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी हसत राहिला. आता मात्र मलाही राहवलं नाही. त्याच्यासमोर मी पहिल्यांदा हसत होते.

बा उठला. मायच्या आजारात पेला वेगळा ठेवणारा माझा बा आत गेला आणि आमचा रोजचा पाण्याचा गडवा भरून घेऊन आला.

"गोष्ट काई खास नाई," तो म्हणाला. त्यानं गडव्यातला एक घोट स्वतः घेतला आणि तोच गडवा डोमाच्या हातात दिला.