तिसरी बशी

मी मेंदूतल्या पेशींना जेवू घालते. प्रयोगशाळेत आम्ही सगळे असंच म्हणतो. साखर, क्षार, जीवनसत्त्वं मोजून पोषक द्रव तयार करायचा आणि दर तीन दिवसांनी पेशी वाढवायच्या काचेच्या बशीतला निम्मा काढून तेवढाच ताजा घालायचा. निम्मा जुना ठेवायचाच. पेशींनी स्वतः त्यात जे सोडलेलं असतं, ते कुठल्याही बाटलीत विकत मिळत नाही.

तिसऱ्या बशीतल्या पेशी आईच्या. फिट्स थांबाव्यात म्हणून तिच्या मेंदूतला मसुराएवढा तुकडा काढला. संमतीपत्रावर सही करताना ती म्हणाली, "ने बाई. जन्मभर माझं डोकं खाल्लंस, आता त्याला खाऊ घाल."

फिट्स थांबल्या, पण ती मला विसरत चालली. रोज घराचं दार उघडताना जीव टांगणीला लागायचा, आज ओळखेल का?

एका दुपारी मी द्रवात साखर जरा वाढवून पाहिली. संध्याकाळी आई ओठ चाटत म्हणाली, "आज गोड केलं होतं का गं?"

"सकाळपासून नुसतं पाणी प्यायलीये ती," बाबा म्हणाले.

पुढच्या खेपेला क्षार वाढवले. "खारट झालंय," आई म्हणाली. योगायोग म्हणून मी वहीत टिपून ठेवलं.

मग बशीतल्या पेशींना तंतू फुटले, ते एकमेकांना जाऊन भिडले. त्याच आठवड्यात आईने मला "चिमणे" म्हणून हाक मारली. मी ढसाढसा रडले. कारण शोधायचा नाद सोडला आणि नेमाने जेवू घालत राहिले.

काल दुपारी तिचा फोन आला. "लवकर ये गं आज."

त्या आनंदात, घाईत, मी बशीतला सगळाच द्रव ओढून घेतला. लक्षात आलं तोवर तो टाकाऊ द्रवासाठीच्या ब्लीचच्या बाटलीत गेला होता.

ताजा द्रव घातला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पेशी जिवंत होत्या. एकही तंतू तुटला नव्हता.

धावत घरी आले.

आई खिडकीशी बसली होती. कधी नव्हे इतकी टवटवीत. मला बघून हसली, उठली, खुर्ची पुढे केली.

"या, बसा ना. माझी मुलगी येईलच एवढ्यात."

"आई, अगं मीच..."

तिने मान कलती करून ऐकलं.

"तुमचा आवाज अगदी तिच्यासारखा आहे हो," ती कौतुकाने म्हणाली, आणि तिच्यासाठी दार उघडं ठेवून आली.