बाराव्या झाडाची फांदी

एका पानावर एकतीस लाल कोळी. टाचणीच्या टोकाहून बारीक, पण भिंगाखाली केवढी धावपळ! पान मी आगाशीच्या बाजारात लिंबांच्या टोपलीतून उचललं होतं.

"बाई, लिंबं घेताय की शिरगणती करताय?"

टोपलीमागचा तरुण हसत होता. केसांत वाळकं पान अडकलेलं... ते मी सांगितलं नाही.

"झाडं तांबूस पडलीत ना? ही कीड आहे. पानांवर धूळ बसली की फोफावते."

त्याचं हसू मावळलं. "बाराच झाडं आहेत. आईनं लावलेली. बाबा पाडव्याला तोडणार, केळी लावणार."

"मला तीन शनिवार द्या," मी म्हणाले. बी.एस्सी. झाल्यापासून इतक्या ठामपणे मी कुणाशीच बोलले नव्हते!

त्याचं नाव शंकर. पंपाच्या पाण्यानं तो पानं धुवायचा, वर गंधक फवारायचा; मी मोजायची. ओला सदरा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या... माझी मोजणी दोनदा चुकली.

"किती झाले, मालनबाई?"

"बोलू नका – पुन्हा पहिल्यापासून!"

तिसऱ्या शनिवारी अकरा झाडं स्वच्छ निघाली. विहिरीजवळच्या बाराव्या झाडाची एकच फांदी लाल. सतरा कोळी! पाडवा चार दिवसांवर... मी फांदी खाली ओढली. मग दिसलं – फांदीला केळीच्या वाळक्या सोपटानं एक रोगट पान बांधलं होतं.

"हे कुणी केलं?"

शंकर विहिरीत बघत राहिला. "शेजाऱ्यांच्या झाडाचं आहे."

"वेडे आहात? बाबांनी पाहिलं तर बाराही झाडं जातील!"

"आणि झाडं बरी झाली, तर... तुम्ही कशाला याल?"

रहाट क्षणभर करकरला. कान तापले माझे.

"तोडा ती फांदी. आत्ता!"

त्यानं तोडली, जाळली.

"पुढच्या शनिवारी तपासणार," मी म्हणाले. "एक जरी कोळी सापडला, तर बोलणार नाही तुमच्याशी."

"आणि नाही सापडला तर?"

"तर... चहा घेईन."

पाडव्याला शंकरचे बाबा बागेत फिरले आणि कुऱ्हाड परत माळ्यावर ठेवली.

शनिवारी बारा झाडांची साठ पानं पाहिली. कोळी शून्य. मोजणी चार वाजता संपली. मी पावणेआठच्या एसटीनं निघाले.