वरच्या वाडीचं पाणी

ज्या खाचराच्या बांधावर पाहुणे रोज फोटो काढायचे, त्याच खाचरात सकाळी वू शिंगफा पालथा तरंगताना दिसला.

फौजदार तियान आल्या तेव्हा खालच्या वाडीतल्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. अतिथीगृहाचा मालक लुंग ग्वांगफू, मयताचा मेहुणा, तेवढा पुढे आला.

"दाजी पिऊन आले असतील, मॅडम. बांधावरून पाय घसरला."

"वरच्या वाडीतून इथं कशाला?"

"फुकटची दारू मिळते ना माझ्याकडं."

तियान वाकल्या. खाचरावर तांबूस शेवाळाचा थर होता. प्रेताच्या नाकातोंडात त्याचा कणही नव्हता. दातांत मात्र पाइनच्या हिरव्या सुया अडकलेल्या.

मयताची बायको आमेइ भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती.

"कुणाशी वाकडं होतं त्यांचं?"

"पाण्यावरून सगळ्यांशीच. झरा आमच्या डोक्यावर, पण नळानं सगळं पाणी खाली. इथं पाहुणे दोनदा अंघोळ करतात, आमची खाचरं भेगाळलीत. पर्यटनानं सगळ्यांचं भलं होईल, असं हा माझा भाऊच सांगत होता. काल ह्यांनी नळात बोळा कोंबला."

तियाननी अंगणातला नळ सोडला. पाणी धो धो आलं.

"काल होतं?"

"थेंब नव्हता," लुंग म्हणाला. "पाहुणे निघायच्या बेतात होते."

"मग आलं कसं? तू गेलास झऱ्यावर?"

"वर्षात फिरकलो नाही. गोधडीचा बोळा तो, किती टिकणार? निघाला असेल आपोआप."

आमेइनं मान वर केली.

"पाइनची झाडं फक्त झऱ्यावर आहेत," तियान सावकाश म्हणाल्या. "शिंगफा तिथल्या पाण्यात मेला. इथं आला तेव्हा श्वास थांबला होता, म्हणून शेवाळ आत गेलं नाही. ज्यानं बोळा उपसला, त्यानंच त्याला बुडवलं. मग झऱ्याकडं कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून खाली आणून टाकलं. तुझी बहीण नुसतं 'बोळा' म्हणाली, लुंग. गोधडीचा, हे तुला कुणी सांगितलं?"



"ते झऱ्यावरचा नळ धरून बसले होते, हटतच नव्हते. मी बाजूला ओढायला गेलो..." लुंगनं बहिणीकडं पाहिलं. "पाहुणे गेले असते तर गाव उपाशी मेलं असतं गं."

"कुठलं गाव, दादा?" आमेइनं विचारलं.

तियाननी लुंगला बेड्या घातल्या, तेव्हा आमेइनं उठून अंगणातला वाहता नळ बंद केला.