उद्या ये

करंट गेला होता. गच्चीवर रघुपतीअण्णांनी तनयला मोबाइलची बॅटरी बंद करायला लावली. "अंधाराला एवढं काय भ्यायचं रे? मैत्रेयी, तूही अशी पुढे सरक. ही गोष्ट आमच्या रघुनंदनची. खोटं वाटलं तर देवनहळ्ळीला जाऊन विचारा त्याला. सांगणार नाही तो, ते सोडा."

रघुनंदनला हॅम रेडिओचं, म्हणजे घरच्या बिनतारी यंत्रावरून दूरदूरच्यांशी बोलण्याचं, वेड. बेंगळुराजवळ देवनहळ्ळीच्या नव्या लेआउटमध्ये घर घेतलं, तेसुद्धा अँटेनाच्या तारा ताणायला जागा मिळते म्हणून. आजूबाजूला नुसते रिकामे प्लॉट. बायको वीणा नागपूरची, कन्नडचा एक शब्द न येणारी. "इथे चिटपाखरू नाही हो," म्हणून कुरकुरली, पण आली. रोज जेवण झालं की स्वारी रेडिओच्या खोलीत. ऐंशी मीटरच्या पट्ट्यावर धारवाडच्या, सोलापूरच्या दोस्तांशी गप्पा.

गेल्या मार्गशीर्षात त्या पट्ट्यावर खरखर सुरू झाली. रोज रात्री दहाला. खर्र... थांबायची... पुन्हा खर्र. दोस्तांचं बोलणं कळेना. कुणाचा तरी इन्व्हर्टर असेल, नाहीतर स्वस्तातला एलईडी दिवा. आधी त्याने स्वतःच्याच घराचा मेन पाडला आणि रेडिओ बॅटरीवर लावून पाहिला. खरखर होतीच. म्हणजे बाहेरून येत होती. वैतागून त्याने माइक उचलला आणि थट्टेने म्हणाला, "नाळे बा!"

तुम्हाला कुठून ठाऊक असणार? तीसेक वर्षांपूर्वी बेंगळुरात लोक दारावर हे लिहायचे. नाळे बा. उद्या ये. रात्री घरच्याच माणसाच्या आवाजात हाक येते म्हणे, आणि दार उघडलं की संपलं. दारावरचं वाचून ते परत जायचं. हसा, हसा.

तर खरखर तिथल्या तिथे थांबली. दुसऱ्या रात्री पुन्हा आली, जरा मोठी. हा पुन्हा म्हणाला, ती गेली. रोजचा खेळच झाला. फक्त रोज ती आणखी जवळून यायची.

अमावास्येला, शनिवारी, त्याने ठरवलं की आज छडा लावायचाच. छोटा रेडिओ गळ्यात अडकवला, तारेचं कडं घेतलं. हे कडं उगमाकडे तोंड करून धरलं की आवाज एकदम पडतो, जवळजवळ ऐकूच येत नाही. दोन जागांवरून दिशा काढायच्या, त्या छेदतात तिथे चोर. "कडी लावून घे," वीणाला म्हणाला आणि स्कूटरवर निघाला.

गावच्या किल्ल्यापाशी कडं फिरवलं. आवाज पडला. दिशा लेआउटची.

तळ्याच्या बांधावर गेला. पुन्हा फिरवलं. दिशा लेआउटचीच. मोबाइलवरच्या नकाशात त्याने दोन रेघा ओढल्या. त्या छेदत होत्या... त्याच्याच घरावर.

आणि मग त्याच्या ध्यानात आलं. दहा वाजून गेले होते. आज 'उद्या ये' कुणी म्हटलंच नव्हतं.

त्याने फोन लावला. "वीणा, दार उघडू न..."

"अहो, आतल्या खोलीतून फोन काय करताय?"

तो स्कूटरकडे धावला.

"आत्ताच तर आलात. हाक मारलीत, मी कडी काढली. चहा टाकलाय, आणते."

"वीणा, बाहेर पळ. तो मी..."

खर्र...

घरी कसा पोचला, त्याचं त्याला माहीत. दार सताड उघडं. रेडिओ बंद. खुर्ची रिकामी. वीणा स्वयंपाकघरात उभी होती, हातात कप. "किती वेळ लावलात," म्हणाली आणि हसली. त्याने तिला कवटाळलं. ढसाढसा रडला बिचारा. बायको हाताला लागली होती, आणखी काय हवं?

गळ्यातला रेडिओ चालूच होता.

खर्र...

त्याने कडं फिरवलं. हळूहळू. दाराकडे... आवाज होता. खिडकीकडे... होता. वीणाकडे.

आवाज पडला.

"मग?" मैत्रेयीने विचारलं.

"मग काय. पट्टा त्या रात्रीपासून स्वच्छ आहे. संसार चाललाय. माघात मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. दिवे मालवल्यावर भिंतीपलीकडून रघुनंदनचा आवाज आला. अगदी हळू, विनवल्यासारखा. नाळे बा..."

"आणि?"

"मग वीणाच्या आवाजात, चोख कन्नडात, उत्तर आलं. उद्या येते."