बशीरच्या छतावरचा उजेड

खुर्शीदबी अमरावतीला शेषरावांच्या खोलीत आली, पण पुढं केलेल्या खुर्चीवर बसली नाही.

सीमेवर लढाई सुरू होऊन आठवडा झाला होता. तिचा नवरा बशीर, वलगावच्या पलीकडच्या एका खेड्यात गाद्या भरणारा, पोलीस कोठडीत होता. दोन रात्रींपूर्वी ब्लॅकआउट असताना छतावरून दिवा दाखवून त्यानं शत्रूच्या ड्रोनला इशारा केला, असा आरोप होता. त्याच रात्री, पोलीस येण्याआधी, गावकऱ्यांनी त्याला घराबाहेर ओढून मारलं होतं.

"उद्या कोर्टात उभं करतात त्याले," ती म्हणाली. "एकदा गद्दार ठरला, तर मंग सुटून बी काय करन, भाऊ?"

शेषराव खाजगी तपासाची कामं घेत. त्यांचा जोडीदार बंडू मोटारसायकल चालवी आणि मोबाइलवर जे येईल ते खरं मानी. वाटेत तो म्हणाला, की एवढ्या लोकांनी डोळ्यानं पाहिलं, म्हणजे काहीतरी असणारच.

"उजेड पाहिला," शेषराव म्हणाले. "छतावर माणूस कोणी पाहिला?"

गावात रक्षक दलाचा प्रमुख जानराव होता. गळ्यात शिट्टी अडकवून तो मारुतीच्या पारावर बसला होता. त्यानं सगळं न अडखळता सांगितलं. गावाची लाइन बंद केलेली. सगळं दल पारावर. समोर, गावाच्या शेवटाला असलेल्या बशीरच्या छतावर उजेड आला, दोनदा गेला, दोनदा आला.

शेषरावांनी शेतातल्या दिव्यांचं विचारलं. शेतीची लाइन गावापेक्षा वेगळी असते आणि अवेळी येते. ती आली हे घरबसल्या कळावं म्हणून इकडचे लोक विहिरीजवळ उंच बांबूला बल्ब बांधतात.

"ते म्या होल्डरासकट काढाले लावले," जानराव म्हणाला. "एकेकाच्या घरी जाऊन. या ड्युटीपायी आठवडाभर माह्या सोताच्या वावरात पाय नाई टाकला."

बाजूच्या गल्लीतल्या मैनाबाईनंही उजेड पाहिला होता, पण पोलिसांनी तिचा जबाब घेतला नव्हता. तिच्या अंगणातून बशीरचं घर डाव्या हाताला होतं. उजेड मात्र तिला उजवीकडं, पाण्याच्या टाकीच्या बाजूला दिसला होता.

"म्हातारीचे डोळे गेले," बंडू बाहेर येऊन म्हणाला. "नाई तर जानराव खोटं बोलते."

"दोघांनीही दिसलं तेच सांगितलं."

बशीरच्या घरावर जुने टिनपत्रे होते, चढायला शिडीही नव्हती. शेषराव पाराकडं पाठ करून घरामागच्या, शेतांकडं जाणाऱ्या पांदणीनं सरळ चालू लागले आणि पाण्याची टाकी बरोबर मैनाबाईच्या घराच्या रेषेत आल्यावर थांबले. समोर जानरावचा गहू होता. बंडूचा पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतला. वाफे भरून पाणी पांदणीवर आलं होतं. विहिरीजवळ मोटरीच्या पेटीला ऑटो, लाइन येताच मोटर आपोआप सुरू करणारा, लावलेला होता. बाजूच्या बांबूवर होल्डर होता, बल्ब नव्हता. होल्डर वरून धुळीनं माखलेला, आतून मात्र लख्ख होता.

दुपारी फौजदार बशीरला घेऊन पंचनाम्याला आले. पाराभोवती गाव जमला. बशीरच्या उजव्या हाताला पट्टी होती.

शेषराव पारावर उभे राहिले. "रात्री लांबचा दिवा जवळच्या छतावर असल्यासारखा वाटतो. पारावरून एक रेषा काढा, बशीरच्या घरावरून पुढं जाते. मैनाबाईच्या अंगणातून दुसरी काढा, टाकीजवळून जाते. दोन्ही गावात भेटत नाहीत. भेटतात त्या जानरावच्या विहिरीवर."

शेषरावांनी बंडूच्या चिखलानं माखलेल्या पायाकडं बोट केलं.

"जानराव आठवडाभर वावरात गेले नाहीत, तरी गहू ओला आहे. म्हणजे शेतीची लाइन आली आणि ऑटोनं मोटर सुरू केली. लाइन दोनदा गेली, आली. दिवाही तसाच गेला, आला. त्यांनी दुसऱ्यांचे दिवे होल्डरासकट काढायला लावले, पण आपला विसरले. मग बल्ब कोणी नेला? उघडा होल्डर आठवडाभर राहिला असता तर आतही धूळ बसली असती. बल्ब त्या रात्रीनंतर काढला आहे. म्हणजे काढणाऱ्याला कळलं होतं."

फौजदारांनी जानरावकडं पाहिलं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं मले," जानराव शिट्टीशी चाळा करत म्हणाला. "तवरिक मार खाऊन बसला होता हा. मंग काय सांगत होतो? त्याच्या जागी मले मारलं असतं."

"आणि त्याच दुपारी ठाण्यात येऊन बशीरविरुद्ध जबाब दिलात," फौजदार म्हणाले.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, लढाईच्या गडबडीत एखादा बल्ब राहतेच. दुसऱ्यानं जानरावला पाणी दिलं. मोठ्या मनाचा माणूस, गावासाठी पायाला भिंगरी लावून फिरला, असंही कोणी बोललं. फौजदारांनी त्याला ठाण्यात यायला सांगितलं, तर चौघं सोबत निघाले.

बशीरची बेडी काढली. त्याच्याजवळ खुर्शीदबीशिवाय कोणी आलं नाही.

शेषराव त्याला म्हणाले, "मारणाऱ्यांवर तक्रार दे. फौजदार इथंच आहेत. नावं सांग."

बशीरनं पाराभोवतीच्या माणसांकडं पाहिलं. जवळजवळ प्रत्येकाच्या घरी लग्नाची गादी त्यानंच भरून दिली होती. गावात आवाजावरूनही तो माणूस ओळखे. ती माणसंही त्याच्याकडं बघत उभी होती.

त्यानं पट्टीचा हात दुसऱ्या हातानं धरला.

"अंधार होता, सायेब," तो म्हणाला.