टाकीची जागा

"ओ मॅडम, जरा हलू नका!"

मी थबकले. आमच्याच वावरात, आमच्याच संत्र्यांमध्ये कोणी मला हलू नका म्हणतंय, म्हणजे काय? वळून पाहिलं, तर तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून एक तरुण वाकला होता. धुळीने माखलेले बूट, उन्हाने लालबुंद झालेले कान... आणि कपाळावर येणारी बट तो सारखी फुंकर मारून उडवत होता.

"काहून हलू नको? वावर माझ्या बाबांचं आहे."

"तेच तर! गावातल्या सगळ्यात उंच जागेवर उभ्या आहात तुम्ही. माझा पट्टी धरणारा माणूस रामटेकच्या यात्रेले गेला. तेवढी ही मोजपट्टी धरता का... प्लीज?"

धरली. का धरली ते विचारू नका.

तो अनंत. कामठीचा, पाटबंधारे खात्यातला नवा इंजिनीअर. पायथ्याशी वाहणाऱ्या सूर नदीचं पाणी पंपाने आमच्या कोरड्या पठारावर चढवायचं, टाकीत सोडायचं आणि तिथून उताराने वावरावावरात न्यायचं, या योजनेची आखणी त्याच्याकडे होती. मी चंपतरावांची काजल.

"जुनी दुर्बीण आहे," तो म्हणाला. "हिच्यात सगळं उलटं दिसते. तुम्हीबी."

"मंग दुर्बीण सोडून पाहा ना!"

त्याने मान वर केली आणि पाहिलं. इतका वेळ पाहिलं, की शेवटी मलाच बोलावं लागलं.

"आकडा लिहा, साहेब."

"आकडा? कोणता आकडा?"

मला हसू आवरेना. पण त्याने टाकीच्या जागी लाल झेंडी रोवली आणि माझं हसू विरलं. ती नेमकी झाडांच्या मधोमध होती. आईने विहिरीवरून डोक्यावर पाणी आणून ही संत्री जगवली होती. आई गेली, झाडं राहिली. मी त्याला एवढंच सांगितलं, आणि डोळे पुसून घेतले.

त्याचा माणूस यात्रेहून परतला, तरी पट्टी धरायला मीच जायचे. बाबा बघून न बघितल्यासारखं करायचे. मला तो आवडायला लागला होता, साफ सांगते!

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी वावरात गेले, तर झेंडी गायब. शोधत गेले. ती खाली, गावठाणाच्या पडीक जागेत रोवलेली होती. अनंत तिथेच बसला होता.

"झेंडी काहून हलवली?"

"तुमची झाडं वाचतील..."

"अन् वरची टोली, ती चढावरची वस्ती? इथून तिकडं पाणी चढते का?"

"तिचं पुढच्या टप्प्यात पाहू..."

"पुढचा टप्पा! माझ्यासाठी टोलीतल्या सुभद्रामावशीच्या वावराले कोरडं ठेवता?"

"तुमच्या डोळ्यांत पाणी पाहवलं नाही मले, काजल."

ते ऐकून मी सुखावले. पण रागही तितकाच आला.

"सरकारनं तुम्हाले नदीचं पाणी मोजाले पाठवलं. माझ्या डोळ्यांतलं नाही!"

मी झेंडी उपटली आणि तरातरा घरी आले. रात्री मात्र उशी ओली झाली, झाडांसाठी आणि त्याच्यासाठीही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात सगळं गाव जमलं. अनंतने नकाशा उघडायच्या आत मी झेंडी घेऊन उभी राहिले.

"टाकी आमच्या संत्र्यांतच झाली पाहिजे, बाबा. आईनं डोक्यावर पाणी वाहिलं. सुभद्रामावशी आजही वाहून राहिली. तिच्या सुनेनंबी वाहायचं का?"

मावशीने पदर तोंडाला लावला. मग बाबा उठले, आणि माझ्या हातातली झेंडी त्यांनी स्वतः नेऊन अनंतच्या हातात दिली.

"घ्या साहेब जागा. पाणी आलं का नवी झाडं लावू, तिच्या मायच्या नावानं."

ठराव मांडला गेला आणि भराभर हात वर झाले, एकही खाली नव्हता. वरच्या टोलीच्या बायांनी तर दोन्ही हात वर केले.

"झाडं घेतली, जागा घेतली," बाबा मिशीत हसत म्हणाले, "आता पोरगीबी नेता का काय, साहेब?"

"नेतो," अनंत पटकन बोलून गेला... आणि त्याचे कान पेटले.



"नेतो म्हणजे?" मी कमरेवर हात ठेवले. "मी काय सामान आहे? मले विचारलं का कोणी?"

"चुकलो." तो सगळ्या गावासमोरून माझ्यापर्यंत चालत आला. आजवरचं 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं. "काल तुह्यासाठी चुकीची झेंडी रोवली. तू ती उपटली, तवाच समजलं, जन्मभर हीच पाहिजे. काजल... लग्न करशील माह्याशी?"

"हव!" मी म्हणाले, आणि इतक्या मोठ्याने, की वरच्या टोलीच्या बाया टाळ्या पिटत उभ्या राहिल्या.